बाहेर जाण्याची वेळ

पाचपावलीच्या अभ्यासिकेची किल्ली
माझ्याकडे आली ती माझ्या विद्वत्तेमुळे नाही.
घर समोरच आहे, झोप कमी आहे,
आणि टपाल खातं सुटल्यापासून
पहाटे साडेचारला उठून करायचं काय, हा प्रश्नच होता.

पाच वाजता शटर वर करते. अर्धंच.
पूर्ण केलं की कुत्री आत येतात.
त्या अर्ध्या शटरखालून वाकून
बारावी एकेक करून आत शिरते.
आधी हर्षद उईके, कानटोपी घालून,
दुधाच्या पिशव्या वाटून थेट आलेला, बोटं पांढरी पडलेली.
मग पराते बहिणी, जुळ्या, पुस्तक एकच.
एकीचं डावं पान, दुसरीचं उजवं,
आणि उलटायच्या आधी एकमेकींकडे बघणं.

रजिस्टरात नाव, आत येण्याची वेळ,
बाहेर जाण्याची वेळ, सही.
याउपर विचारायचा मला अधिकार नाही.
मला इंटिग्रेशन येत नाही.
तेरा नंबरच्या पंख्याखाली कोण शिंकतं ते येतं.
कोणाचं पेन लिहून नाही राहिलं,
कोण डबा उघडतं आणि तसाच लावून टाकतं,
हॉल तिकिटावर कोणाचा फोटो काळा आला
आणि झेरॉक्सवाला किती वाजता उठतो.
सदतीस वर्षं पत्रं पिनकोडप्रमाणे लावली मी.
पाकीट हातात घेतलं की कळायचं,
आत काहीतरी जड आहे.

जानेवारीच्या शेवटी रूपल निनावे
दोन दिवस एकाच पानावर होती.
पान एकशे बारा. झाडताना बघितलं होतं मी.
तिचा बाप रोज रात्री नऊला फोन करायचा,
"काकू, बसून आहे ना पोरगी?"
"बसून आहे," मी म्हणायचे.
खोटं नव्हतंच ते.

तिसऱ्या दिवशी म्हटलं, ये, जरा स्टूल धर.
ट्यूबलाइट चांगली होती.
तरी काढली, पदरानं पुसली, पुन्हा बसवायला घेतली.
वर चढलेल्या माणसाशी बोलणं सोपं जात असावं,
त्याचं तोंड छताकडे असतं.

"सराव परीक्षेत फिजिक्सला अकरा आले, काकू.
सत्तरपैकी."
मी स्टार्टर फिरवत राहिले.
"घरी नाही सांगितलं."
"हं."
"तुम्हाला किती होते बारावीत?"
"अठ्ठेचाळीस टक्के. दुसऱ्या खेपेला."
"मग?"
"मग काय बाई.
स्टूल हलून राहिलं, नीट धर."

त्या रात्री नऊचा फोन आला
तेव्हा मी तो तिच्याच हातात दिला
आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले.
रुळांकडून मालगाडी चालली होती.
अंधारात डबे मोजले, बावन्न,
त्यातले दोन-चार कदाचित दोनदा.
आत आले तर ती डबा खात होती.
पान तेच होतं.
समोर हर्षद बसला होता, तिच्या वहीत
भिंग आणि किरण काढत, वाकडेतिकडे.

फिजिक्सच्या दिवशी कॉलेजच्या गेटवर
गुलाब घेऊन सर उभे होते म्हणे.
चांगलं केलं.
माझ्याकडे गुलाब नव्हते.
मी पाण्याच्या बाटल्यांची लेबलं सोलून दिली,
आत लेबल चालत नाही.
नखांत गोंद बसला तो संध्याकाळपर्यंत निघाला नाही,
आणि पेपर कसा गेला, ते कोणालाच विचारलं नाही.

आता खुर्च्या टेबलांवर उलट्या आहेत.
रजिस्टरात रूपलच्या शेवटच्या ओळीत
आत येण्याची वेळ आहे, पाच दहा.
बाहेर जाण्याची लिहायची राहिली.
नियमाप्रमाणे मी भरायला पाहिजे.
पेन घेतलंही होतं हातात.
राहू दे.
कधी दिसली तर तिलाच विचारीन.

आज कूलर काढायचा आहे.
मोटर घरघर करते, गांधीबागेत दाखवावी लागेल.
हर्षद उचलायला येतो म्हणाला, दुधाची सायकल घेऊन.